दोन आज्यांचे हात

जीप अंगणात थांबली तेव्हा भागीरथी ओट्यावर उभी राहून मोजत होती. सागाचा पाळणा एक, नवा. दुपटी नऊ, त्यातली चार जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली. तुपाची बरणी एक. नाचणीच्या पिठाचा डबा एक. डिंकाच्या लाडवांचे डबे दोन. पाय बांधलेली कोंबडी एक. दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला काळ्या दोऱ्यात ओवून बांधलेले बिब्बे पाच, आणि कागदाच्या पुडीत सुटे आणखी. सून हर्षाली, तिच्या खांद्यावर झोपलेली साडेतीन महिन्यांची दिपिका. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. मग जीपवाल्याने टपावरून एक वळकटी खाली टाकली आणि वळकटीपाठोपाठ अंबूबाई उतरली.

अंबूबाई म्हणजे हर्षालीची आई. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला तिचं गाव. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, ते रीतीप्रमाणेच. लेकीला आणि नातीला पोचवायला ती येणार हेही भागीरथीला ठाऊक होतं. पण पोचवायला येणारी बाई पिशवी घेऊन येते, वळकटी घेऊन येत नाही.

"ईनबाय, अंथरूण कशाला गो आनलंत? आमच्याकडं गोधड्या नायत का?"

"हायत ना. पन मला माज्याच गोधडीत झोप येते," अंबूबाई हसत म्हणाली. "म्हटलं, शाळा चालू व्हईल हर्षूची. पोर दिवसभर कोन बघनार? तुमी पडलात आजारी मानूस."

आजारी माणूस. घरात पाय ठेवायच्या आधीच.

भागीरथीला दहा वर्षांपासून साखर होती. वय सहासष्ट. अंबूबाई अडुसष्टची. हे दोन वर्षांचं अंतर भागीरथीला रोज नव्याने खुपायचं, कारण ते उलट्या बाजूने दिसायचं. अंबूबाईच्या तोंडात एक दाढ सोडली तर सगळे दात होते. ती चहात तीन चमचे साखर घालायची आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकायची. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन टेकाड उतरताना तिचा श्वास लागत नसे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मासळी चिरताना विळीवर तिचं बोट कापलं. तिने त्यावर हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि विसरून गेली. चार दिवसांत तिथे नुसती रेघ उरली. भागीरथीच्या अंगठ्याला भातकापणीत विळा लागला होता, त्याला महिना होऊन गेला होता, आणि ती जखम अजून ओली होती. अंबूबाईचं बोट बघितलं की ती आपला अंगठा मुठीत लपवायची.

खरी गोष्ट एवढीच नव्हती. खरी गोष्ट होती दिपिका. मुलगा पंढरी आसनगावच्या कारखान्यात पाळीने जायचा. हर्षाली शेणव्याच्या शाळेत शिक्षिका होती, तिची रजा संपत आली होती. दिवसभर पोरीला मांडीवर घेऊन बसायचं ते एक काम भागीरथीने गेले सहा महिने मनात जपून ठेवलं होतं. नवरा रामू गेल्यापासून तिच्या वाट्याला घरातलं कोणतंच काम पुरतं आलेलं नव्हतं. साखर आहे म्हणून सगळे तिच्या हातातून काम काढून घ्यायचे, आणि ते प्रेमाने घ्यायचे, म्हणून तिला भांडताही येत नसे.

हर्षालीनेच तो विषय काढला. ती विज्ञान शिकवायची, आणि तिला गोष्टी सरळ बोलायची सवय होती.

"आई," ती सासूला म्हणाली, "बाबांना टीबी झाला होता ना? नऊ वर्षं झाली. आणि तुम्हाला सकाळचा खोकला येतो."

"त्यो भाताच्या तुसाचा गो. झोडनी चालू हाय."

"असेल तुसाचा. पण लहान पोर आहे. जी कोणी तिला सांभाळणार, तिने आधी डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. आये, तूही."

अंबूबाईने कपाळाला हात लावला. "मला काय धाड भरलीय? पन चल, शापूरचा बाजार तरी व्हईल."

शहापूरच्या बाजारपेठेत हेतल डॉक्टरीण होती. तिशीच्या आतली, गुजराती, पण मराठी स्वच्छ बोलायची. भागीरथीची साखर तीच बघायची. त्या दिवशी दिपिका भुकेने रडायला लागली म्हणून हर्षाली तिला पाजायला बाहेरच्या बाकावर बसली, आणि आत दोघी विहिणी शेजारी शेजारी.

"आजी, खोकला आहे?"

"नाय," भागीरथी म्हणाली.

अंबूबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सकाळीच मोरीत भागीरथी कशी वाकून खोकत होती ते तिने ऐकलं होतं. भागीरथीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ताप? रात्री घाम?"

"नाय नाय."

"तुसानं घसा धरतो सगल्यांचाच," अंबूबाई हळूच म्हणाली. तिने सांभाळून घेतलं होतं. हे सांभाळून घेणं भागीरथीला चुगलीपेक्षाही जास्त लागलं.

डॉक्टरणीने दोघींच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, बारीक सुईने पाण्यासारखं औषध कातडीत भरलं. हर्षाली आत आल्यावर तिला समजावून सांगितलं. "तीन दिवसांनी बघायचं. मी तेव्हा शिबिरात असेन, तुम्ही शाळेच्या पट्टीने मोजा आणि मला फोन करा. लाली मोजायची नाही. बोटाला जेवढा कडक उंचवटा लागेल तेवढाच. आपल्याकडे साठी ओलांडलेल्या बहुतेकांचा हात फुगतो. कधीतरी जंतू अंगात येऊन गेला आणि शरीर त्याला ओळखतं, एवढाच त्याचा अर्थ. खोकला नाही, ताप नाही, तर घाबरायचं कारण नाही. उलट भागीरथीआजींचा हात अगदी सपाट राहिला तर मला आवडणार नाही. वय आणि साखर, दोन्ही असलं की कधी कधी शरीर ओळखायचंच बंद होतं. तसं झालं तर कल्याणला एक्स-रे काढू, आणि तोवर बाळ त्यांच्याकडे नको."

हर्षालीने मान डोलावली. तुसाच्या खोकल्याचं आत सांगून झालं असेल असं तिने धरून चाललं. भागीरथीने एवढंच ऐकलं: फुगला तर बाळ, सपाट राहिला तर कल्याण.

तसं तिला हे नवीनही वाटलं नाही. ती लहान असताना गावात देवीची लस टोचायला माणूस यायचा. आठ दिवसांनी तो पुन्हा येऊन सगळ्या पोरांचे दंड बघायचा. ज्याला फोड आला त्याची लस लागली, त्याच्या आईच्या तोंडावर आनंद. ज्याचा दंड कोरा, त्याला पुन्हा टोचायचे. भागीरथीच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण होते, आणि शेजारच्या जनाला तिसऱ्या खेपेपर्यंत काही उठलं नव्हतं. जना पुढे बिचारी फार जगली नाही. अंग जागं असेल तर अंग उठतं, हे भागीरथीला तेव्हापासून पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाईच्या हातावर चांगली सुपारीएवढी गाठ दिसायला लागली.

"खाजवतंय गो बाय," ती चुलीपुढे बसून हात चोळत म्हणाली. "मच्छर चावल्यागत. तुमचं काय, ईनबाय?"

"उठतंय," भागीरथी म्हणाली आणि चोळीची लांब बाही खाली ओढली.

बाहीखाली काहीच नव्हतं. सुईचा ठिपकासुद्धा दिसेना. तिने उन्हात जाऊन पाहिलं, हात तिरका धरून पाहिलं, ओलं बोट फिरवून पाहिलं. कातडी सुरकुतलेली, सैल, आणि अगदी सपाट. घरात मात्र अंबूबाई हात उघडा टाकून हिंडत होती, जशी काही सोन्याची पाटलीच घातली आहे. पंढरीने कामावर जाता जाता सासूला म्हटलं, "मामी, तुमचा हात भारी फुगलाय," आणि अंबूबाई म्हणाली, "रान खाल्लेलं अंग हाय रे ते." भागीरथीला वाटलं, आपल्या पोराने हे वाक्य आपल्या हाताला म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षाली शाळेत हजर होण्याचा अर्ज द्यायला गेली होती. अंबूबाई दिपिकाला घेऊन पडवीत कलंडली होती, दोघींची तोंडं उघडी, दोघींना झोप लागलेली. भागीरथीने कोनाड्यातली कागदाची पुडी उचलली. अंबूबाईनेच आणलेले बिब्बे. सिद्धगडाच्या रानातले, काळे, टणक.

बिब्बा काय करतो हे तिला कोणी सांगायला नको होतं. टाचेत काटा मोडला की सुई तापवून बिब्ब्यात टोचायची, सुईच्या टोकाला काळं तेल येतं, ते काट्याच्या जागी लावायचं. तेल चुकून चांगल्या कातडीला लागलं की बिब्बा उततो. जागा सुजते, कडक होते, फोड येतो. त्या दुपारी भागीरथीने चुलीतल्या निखाऱ्यावर सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली, आणि ज्या जागी टोचलं होतं तिथे तेलाचा एक थेंब टेकवला. मग थोडा विचार करून अजून एक.

संध्याकाळी हर्षालीने दोघींना ओट्यावर बसवलं. पेनाने रेघ ओढत ती उंचवट्याच्या कडेला यायची, थांबायची, मग दुसऱ्या बाजूने तसंच, आणि दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजायची. शाळेत वर्गाला दाखवावं तसं.

"आये, चौदा मिलिमीटर."

"म्हंजे चांगलं?"

"ठीक. आता आई, तुम्ही." भागीरथीने हात पुढे केला. जागा तांबूस काळी पडून टणक झाली होती आणि आतून जळत होती. "अरे वा. एकोणीस!"

"बघा," भागीरथी म्हणाली. एवढंच म्हणाली. पण अंबूबाईचा चौदाचा हात तिने एकदा नीट निरखून पाहिला.

शेणव्याच्या पीसीओवरून हर्षालीने फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, ठीक आहे, खोकला सुरू झाला तर लगेच आणा. दोन दिवसांनी अंबूबाईने वळकटी बांधली. सून सासूच्या घरची, पोर सासूच्या घरची, आणि सासू ठणठणीत, मग तिने राहावं कशाला?

"पोर माजी, नातबी माजी," जीपमध्ये बसताना ती म्हणाली, "आन रेशनकार्डावर नाव तुमचं. काय न्याव हाय बघा, ईनबाय."

"या की अधूनमधून," भागीरथी म्हणाली. जीप वळणाआड जाईपर्यंत ती दिपिकाचा हात हलवत राहिली.

पुढचे पाच आठवडे तिचे होते. पोर मांडीवर, पोर खांद्यावर, पोर छातीशी. खोकला यायचा तेव्हा ती पदर तोंडाला लावायची आणि मान बाजूला करायची, आणि तेवढं पुरे आहे असं मानायची. ज्येष्ठमध तोंडात धरला की उबळ दबायची. रात्री पाठ घामाने भिजायची, तो डिसेंबरातला घाम तिने जाड गोधडीच्या माथी मारला. चोळ्या सैल झाल्या, त्या तिने आतून आवळून शिवल्या. दिपिका तिला ओळखायला लागली होती. ती दिसली की पोर दोन्ही पाय झाडायची. अंबूबाई एका रविवारी भेटायला आली तेव्हा पोर तिच्याकडे जाईना, भोकाड पसरून भागीरथीकडेच झेपावली. भागीरथीने तिला घेतलं आणि म्हणाली, "इसरली गो तुमाला. ल्हान हाय, इसरनारच." तो दिवस तिला फार गोड गेला.

तिला उघडं पाडलं ते तिच्याच हाताने. अंबूबाईची गाठ आठवडाभरात बसली होती. भागीरथीची जागा मात्र फुटली, ओली झाली, आणि मिटायचं नावच घेईना. साखरेचं अंग ते, त्याला एवढं बिब्ब्याचं तेल पेलवणारं नव्हतं. ती हळद दाबायची, चिंधी गुंडाळायची, वर बाही ओढायची. पाचव्या आठवड्यात पोरीला आंघोळ घालताना बाही भिजली, चिंधी सुटली, आणि समोर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या हर्षालीला ती जखम दिसली. आठ आण्याएवढी, कडा काळ्या, मधे पिवळा पू.

"हे काय? ही ती जागा? अजून?"

"भरत आलीय."

"आई, उद्या शहापूर."

हेतल डॉक्टरणीने चिंधी सोडली, जखम पुसली, दिवा जवळ ओढला. मग म्हणाली, "माझ्या औषधाने असं होत नाही. ही काळी कड कशाची आहे मला ठाऊक आहे. आमच्याकडे धोबी कपड्यांवर खूण करायचा त्याने. आजी, बिब्बा का लावलात?"

भागीरथीने बाही खाली ओढली.

"खाज सुटली म्हनून."

"खाज सुटायला आधी हात फुगावा लागतो. फुगला होता का?"

हर्षाली दाराशी उभी होती, पोर खांद्यावर. भागीरथीला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तिने तो बघितलाही नाही. तेवढ्यात तिला खोकला आला. पाच आठवडे दाबून ठेवलेला, एकदाचा पुरता, आतून ओढून आणणारा खोकला. तो थांबल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरणीने उजव्या हातावर पुन्हा टोचलं, वर जाळीची पट्टी बांधून तिच्यावर स्वतःची सही केली, आणि थुंकीसाठी तीन डब्या दिल्या. या वेळी तीन दिवसांनी तिने स्वतः मोजपट्टी लावली. उजवा हात: शून्य मिलिमीटर. थुंकी: जंतू भरपूर, तिन्ही डब्यांत. साखर: तीनशे बारा.

"मग हात का नाय उठला?" भागीरथीने विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं. "रोग हाय तर जास्त उठाय पायजे ना?"

डॉक्टरणीने खुर्ची जवळ ओढली. "रामूकाकांना टीबी होता तेव्हाच तो तुमच्या अंगात आला असणार. तेव्हा तुमचं अंग तरतरीत होतं. त्याने जंतूला एका जागी कोंडून घातलं आणि वर्षानुवर्षं पहारा दिला. जंतू मेला नाही, पण हललाही नाही. आता वय झालं. म्हाताऱ्या शरीरात नवे पहारेकरी फार तयार होत नाहीत. जे जुने आहेत ते साखरेने सुस्त होतात, जागच्या जागी बसून राहतात. मग कोंडलेला सुटतो. आणि मी हातावर टोचते तेव्हा त्यांनी धावून यायला हवं, तेही येत नाहीत. हात फुगतो तो जंतूमुळे नाही, आजी. पहारा धावून येतो म्हणून फुगतो."

भागीरथीला ते तिच्या पद्धतीने कळलं. भात पोटरीत आलं की शेतात माळा बांधतात, वर राखणदार बसतो. रानडुकरं बांधापाशी आली की तो डबा वाजवतो. रामूच्या वेळची डुकरं अजून तिच्या शेताच्या कडेलाच बसून होती. माळ्यावरचा म्हातारा गोड खाऊन झोपला होता.

"आन ईनबायचे?" तिने विचारलं. "तिच्याबी अंगात हाय का त्यो?"

"असेल. चौदा मिलिमीटर म्हणजे कधीतरी आलेला आहे. पण पहारा जागा आहे, म्हणून बाहेर निघत नाही."

म्हणजे तिची डुकरंसुद्धा शहाणी, भागीरथीच्या मनात आलं. आजार दोघींच्या घरात शिरला होता आणि तिथेही अंबूबाईच वरचढ निघाली होती. एवढ्या भीतीतही तिला तिचा हेवा वाटला, आणि तो वाटला याची लाज त्याच्यानंतर वाटली.

मग डॉक्टरीण हर्षालीकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. दिपिकाला जन्मल्यावर बीसीजीची लस दिलेली होती, पण पाच आठवडे ती खोकणाऱ्या आजीच्या छातीशी होती. आज तिला काही झालेलं दिसत नाही. जंतू शिरला असला तरी हातावर लगेच दिसणार नाही, महिने जातात. म्हणून रोज एका गोळीचा तुकडा दुधात कुटून द्यायचा, तीन महिने. मग तिचा हात टोचायचा. बीसीजीने थोडासा उंचवटा येऊ शकतो. दहाच्या खाली असला तर गोळी बंद. दहा किंवा वर गेला तर पोरीला पुरता उपचार, सहा महिने, आणि छातीचे फोटो.

बसमध्ये बसल्यावर हर्षाली म्हणाली, "दिपूचा हात मोजून झाल्याशिवाय तुम्ही तिला घ्यायचं नाही, आई. तुमची थुंकी आधी स्वच्छ झाली तरीसुद्धा." ती ओरडली असती तर भागीरथीला बरं वाटलं असतं.

अंबूबाईची वळकटी तिसऱ्या दिवशी परत आली. भागीरथीची खाट बाहेरच्या पडवीत गेली, ताट-पेला वेगळे झाले. मधे एक कुडाची भिंत, शेणाने सारवलेली, आणि तिच्यातून सगळं ऐकू यायचं. अंबूबाई पोरीला न्हाऊ घालताना काय म्हणते, कशी फसवून तिला गोळी पाजते, कशी तिच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र करते. एका सकाळी दिपिका पहिल्यांदा खळखळून हसली, भिंतीच्या त्या बाजूला, अंबूबाईला. भागीरथी हातात चहाचा पेला धरून ते ऐकत राहिली, आणि चहा पाण्यासारखा थंड झाला.

एकदा अंबूबाई धावतच पडवीच्या पायरीपर्यंत आली. "ईनबाय! पोर पालथी पडली! आपली आपन!"

"बरं झालं," भागीरथी म्हणाली.

अंबूबाई गेली नाही. पायरीवर, चांगल्या चार हातांवर, बसली. "तुमी माज्यावर डोला ठेवून हाव ते काय मला कलत नाय व्हय? ठेवा. पन त्या दिवशी दवाखान्यात तुमी नाय म्हनलात, आन मी तोंड शिवून बसले. मी बोलले असते तर पोर पाच आठवडे तुमच्या छातीशी नसती ना. त्यात माजाबी हात हाय."

"तुमी का नाय बोललात?"

"तुमाला पोर हवी व्हती म्हनून. मला काय, माजी चार नातवंडं हायत तिकडं." ती उठली, लुगडं झटकलं. "आन बिब्बा लावायचाच व्हता तर मला इचारायचं. दोन थेंब कोन लावतं? निम्मा लावतात."

भागीरथीला हसू आलं, आणि हसण्याने खोकला. तिने तोंडावर पदर घेतला आणि अंबूबाईला हातानेच दूर जायला सांगितलं.

गोळी तिने एकही चुकवली नाही. लघवी लाल व्हायची, तोंड कडू व्हायचं, पोटात ढवळायचं. शेणव्याची नर्स रोज येऊन इन्सुलिन टोचायची, मग पंढरी शिकला. तिने चहातला गूळ सोडला, भात अर्धा केला. हे सगळं तिने शहाणपणाने केलं असं कोणी म्हटलं असतं तर तिला ते पटलं नसतं. भिंतीपलीकडून अंबूबाईचा आवाज यायचा आणि ती पाण्याचा पेला उचलायची. तिला फक्त त्या बाजूला जायचं होतं. दोन महिन्यांनी तिची थुंकी स्वच्छ आली. दंडावर थोडं मांस चढलं. हातावरची बिब्ब्याची जखम भरून तिथे काळसर, चकचकीत कातडी आली. हर्षालीने रिपोर्ट वाचला, "छान," म्हणाली, आणि खाट पडवीतच राहिली. भागीरथीनेही ती आत घ्यायला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये दिपिकाच्या हातावर टोचलं. पोर इतकी रडली की डॉक्टरणीच्या टेबलावरचा कागद भिजला. मग तीन दिवस वाट, आणि आकडा दहाच्या आत राहायला हवा होता. घरात कोणी तिच्या हाताकडे सरळ बघत नव्हतं. अंबूबाई दुपट्याची कड वर करून बघायची आणि पुन्हा झाकायची. भागीरथी पडवीतून विचारायची, "काय?" आणि अंबूबाई म्हणायची, "मला डोल्यांनी काय कलत नाय. ती बाईच बघंल." एकदाच भागीरथीने आग्रह धरला की दारात आणून दाखवा, लांबूनच. अंबूबाईने पोरीला दारात धरलं. त्या एवढ्याशा हातावर गुलाबी काहीतरी होतं. लाली मोजायची नाही, हे भागीरथीने स्वतःलाच तीनदा सांगितलं. आपला हात फुगावा म्हणून जिने बिब्बा लावला होता ती आता पडवीत बसून एका हाताला म्हणत होती, उठू नको रे बाबा. झोपून राहा.

दवाखान्यात ती बाकाच्या शेवटच्या टोकाला बसली, दरवाजा उघडा ठेवायला सांगून. आत अंबूबाईच्या मांडीवर दिपिका, शेजारी हर्षाली. दिपिकाने डॉक्टरणीचं पेन पकडलं, ते सोडवायला वेळ गेला. मग डॉक्टरणीने कातडीवर बोट फिरवलं. एका बाजूने रेघ ओढत आणली, पेन थांबलं. दुसऱ्या बाजूने ओढत आणली, थांबलं.

"मोठ्यानं सांगा," भागीरथी बाहेरून म्हणाली.

डॉक्टरणीने पट्टी टेकवली, वाकून पाहिलं, उचलली आणि पुन्हा एकदा टेकवली.

"तीन मिलिमीटर."